झाकणावरचा लाल ठिपका

९ फेब्रुवारी

आज रुग्णालयाने यांचा फोटो भिंतीवरून काढला.

तंत्रज्ञांच्या खोलीबाहेर होता, खाली 'उत्कृष्ट कर्मचारी' असं लिहिलेला. मी फाटक्या चादरींचा गठ्ठा घेऊन त्याच बोळातून कपडाखोलीकडे चालले होते. फोटोच्या जागी भिंतीचा चौकोन उरला होता, बाकी भिंतीपेक्षा पांढरा. बघत उभी राहिले. मागून एक नर्स म्हणाली, "बाई, रस्ता द्या." दिला.

कपडाखोलीत आम्ही चौघी शिवतो. मी आत गेले आणि तिघींची मशीनं एकदम सुरू झाली. एवढा कामाचा उत्साह त्यांना गेल्या वर्षभरात आला नव्हता.

कारण सगळ्यांना माहीत आहे. २८ जानेवारीला रुग्णालयाचा मुख्य राउटर आठ तास बंद पडला. प्रयोगशाळेतले रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. माणसं कागद घेऊन चार मजले धावली, दोन ऑपरेशनं पुढे ढकलली, एका पेशंटच्या मुलाने काच फोडली. राउटर उघडला तर आत भंगारातली जुनी रॅम निघाली. खरेदीच्या नोंदीत नवी, आत जुनी. आणि झाकणाच्या स्क्रूवर यांच्या खुणेचा लाल रंग, न तुटलेला. म्हणजे यांच्यानंतर कोणी उघडलं नाही. म्हणजे यांनीच केलं. झालं, निकाल लागला.

हे गेले २४ नोव्हेंबरला. बुटाची नाडी बांधता बांधता. बावीस वर्षं या इमारतीचं नेटवर्क सांभाळलं. पण मेलेला माणूस उलटून बोलत नाही. एवढा सोयीचा आरोपी कुठे मिळणार?

१० फेब्रुवारी

यांच्या विभागाच्या साहेबांच्या खोलीत गेले. बसा म्हणाले, बसले नाही.

"फोटो का काढला?"

"चौकशी चालू आहे. नियम आहे तसा."

"निकाल लागायच्या आधी?"

त्यांनी चष्मा पुसला. हा माणूस कुठल्याही प्रश्नाला आधी चष्मा पुसतो. म्हणाले, "चार मार्चला समिती बसेल. राउटर पुन्हा उघडून बघतील. घरचं एक माणूस हजर राहू शकतं. तुम्ही या."

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काय कळतं?"

"तेच तर," म्हणाले आणि फायलीत डोकं घातलं.

तेच तर! शिवणाऱ्या बाईला काय कळणार, असंच ना? जिना उतरताना दिवस मोजले. चार मार्चपर्यंत बावीस दिवस आहेत. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. त्यापुढचं सगळं सामानाच्या पुड्यांचे कागद, रद्दीतली मासिकं आणि यांनी आणलेली पुस्तकं वाचून शिकले. बावीस दिवसांत एक पेटी शिकता येणार नाही?

११ फेब्रुवारी

सासूबाईंना आजवर सांगितलं नव्हतं. आज कोणीतरी सांगितलंच. मी घरी आले तर दारात उभ्या.

"माझा मुलगा चोर?"

"चोर नाही म्हणाले. निष्काळजी म्हणाले."

"ते तर जास्त वाईट. चोराला निदान डोकं लागतं." मग म्हणाल्या, "जेवायला बसला की मीठ वाटीत मोजून घ्यायचा माझा मुलगा. त्याला निष्काळजी म्हणतात. तू काय करणार आहेस?"

"राउटर शिकणार आहे."

"शीक," म्हणाल्या. "आणि आधी भाजी टाक."

१३ फेब्रुवारी

दुपारी शिपाई एक जाड पुस्तक देऊन गेला. 'राउटर: रचना व देखभाल'. "साहेबांनी दिलंय. तुमच्या मिस्टरांच्या कपाटात होतं म्हणे."

जखमेवर मीठ चोळायची ही नवी पद्धत असेल. पण पुस्तक ठेवून घेतलं. समासात यांचं अक्षर आहे.

संध्याकाळी भाऊजी आले. यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काम केलेले, यांना सख्ख्या भावासारखे. माझ्या डब्यातल्या पोळ्या यांच्यापेक्षा त्यांनीच जास्त खाल्ल्या असतील. मी शिकणार आहे म्हटल्यावर आधी हसले. मग हसू गेलं.

"वहिनी, कशाला? ते कागद दोन महिन्यांत कपाटात जातील. कोणाच्या लक्षात राहणार नाही."

"माझ्या राहील."

"तो आता या सगळ्याच्या पलीकडे आहे."

"मी नाही ना पलीकडे. मी रोज त्याच बोळातून जाते."

जाताना म्हणाले, "मी भंगारातला एक राउटर आणून देतो. उघडून दाखवतो." एवढ्या मोठ्या इमारतीत एक तरी माणूस आपला आहे. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

भाऊजींनी राउटर आणला. पाटाएवढा, चपटा, जड. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून ठेवला. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "मलाही कळू दे, माझ्या मुलाने आयुष्य कशात घातलं."

आधी बाहेरून. मागच्या बाजूला वायरी खोचायची भोकं, त्यांना पोर्ट म्हणायचं. एक पोर्ट वेगळा, कन्सोलचा. त्यातून संगणक जोडून राउटरशी बोलायचं, त्याला काय करायचं ते सांगायचं. कडेला रिकामे कप्पे, जादा कार्ड बसवायला. पंख्याची जाळी. वीज आत यायची जागा.

मग चार स्क्रू काढले, झाकण मागे सरकवून उचललं.

मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. आत एक हिरवी पाटी आणि तिच्यावर वस्ती. कडेला पत्र्याच्या डब्यात पॉवर सप्लाय. दोन पंखे. मधोमध ॲल्युमिनियमचा कंगवा उताणा ठेवल्यासारखा, तो हीटसिंक, त्याच्याखाली प्रोसेसर. कोपऱ्यात नाण्यासारखी बॅटरी.

"आणि या लांब खाचेत बसलेली उभी पट्टी?" मी विचारलं.

"ती रॅम. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. हा पंखा बघा, धूळ कशी अडकते."

पंख्यावर अर्धा तास बोलले.

१८ फेब्रुवारी

पुस्तकातलं मला माझ्या भाषेत लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर राहणार नाही.

प्रोसेसर म्हणजे शिवणारा हात. रॅम म्हणजे कच्चा टाका. काम चालू असेपर्यंत कापड धरून ठेवतो, वीज गेली की उसवतो. फ्लॅश म्हणजे पक्की शिवण. राउटरचं सगळं शहाणपण तिच्यात, बंद केला तरी राहतं. मापं वेगळ्या जागी ठेवलेली असतात, कोणत्या पोर्टने कुठे जायचं वगैरे. ती मापांची वही. आणि रॉम म्हणजे सुईत दोरा ओवायचा कसा, एवढंच ज्ञान. बाकी सगळं विसरलं तरी तेवढं असलं की सुरुवात करता येते.

कच्चा टाकाच कुजका असेल तर हात कितीही चांगला असो, कापड सुटतं. असं झालं २८ जानेवारीला.

हे मला यांनी बावीस वर्षांत कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही हेही खरं. रोज "काय केलं आज?" आणि रोज "काही नाही, एक पेटी उघडली." राग येतो. यांचाही येतो. एवढं सोपं होतं तर सांगायला काय झालं होतं?

२१ फेब्रुवारी

डिसेंबरात रुग्णालयाने यांच्या सामानाचं खोकं घरी पाठवलं होतं. आज धीर करून उघडलं. डाग द्यायची इस्त्री म्हणजे सोल्डरिंगचं हत्यार, दोन पकडी, चष्मा, स्क्रू ठेवायची लोहचुंबकाची वाटी, कोणत्या यंत्रात काय बसवलं त्याचे नंबर लिहिलेली वही, मनगटाला बांधायचा पट्टा. पट्टा कशाला ते आता कळतं. अंगातली वीज हाताच्या बोटांतून रॅममध्ये उतरली तर ती जागीच मरते, म्हणून पट्टा बांधून ती वीज आधी जमिनीत सोडायची. थंडीच्या कोरड्या दिवसांत तर बांधायचाच.

माझी नेलपॉलिशची बाटली खोक्यात नाही. दहा वर्षांपूर्वीची, गडद लाल. मला ती शोभत नाही असं यांनी सांगितलं आणि स्वतःच घेऊन गेले. उघडलेली वस्तू बंद केली की स्क्रूवर ठिपका, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो. घरातही तेच. सासूबाईंचा रेडिओ, मिक्सर, माझ्या मशीनच्या मोटरचं झाकण. आज मशीन पुसताना मागच्या डाव्या स्क्रूवरच्या ठिपक्याभोवतीची वंगणाची घाण सुईने काढली. ठिपक्याला धक्का लावला नाही.

बाटली कोणीतरी कचऱ्यात टाकली असेल. बाईमाणसाची वस्तू यांच्या सामानात कशी, म्हणून.

२४ फेब्रुवारी

भाऊजी दोनदा आले. पोर्ट विचारतात, पंखे विचारतात, पॉवर सप्लाय विचारतात. बरोबर सांगितलं की शाबासकी देतात, पण त्यांचा चेहरा उतरलेला असतो. काळजी करतात माझी. आज म्हणाले, "समितीसमोर जास्त बोलू नका, वहिनी. बोललात तर जास्त खोदतील. एखादी रॅम बदलली असेल त्याने नाइलाजाने. माणूस आहे."

"यांनी बदलली नाही."

"झाकणावर त्याचा रंग आहे. मीच तो समितीला दाखवला. लपवून कसं चालेल?"

मला क्षणभर तोडून बोलावंसं वाटलं. मग वाटलं, खरं बोलणारा माणूस आहे, यांनीच तयार केलेला. चहा दिला. पूर्ण न पिता गेले.

सासूबाई म्हणाल्या, "याने कप अर्धा ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा."

४ मार्च

सगळं क्रमाने लिहिते. आज नाही लिहिलं तर रागात पुढचं मागे होईल.

सकाळी अकरा. तंत्रज्ञांच्या खोलीत लांब टेबल. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टरबाई, शेजारी साहेब, टोकाला लिहून घेणारा कारकून. भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे, कारण उघडायला तेच. टेबलावर तो राउटर. मागच्या वेळी उघडल्यावर मूळ स्क्रू एका पिशवीत मोहोरबंद करून ठेवले होते आणि झाकण साध्या स्क्रूंनी बंद केलं होतं. पिशवी फोडून मूळ स्क्रू यांच्या लोहचुंबकाच्या वाटीसारख्याच एका वाटीत ओतले. लाल रंग दिसला. मी दुसरीकडे बघितलं.

झाकण निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, तुम्हाला यातलं काही समजतं का? नाहीतर हे समजावून सांगतील."

"मी सांगते," म्हटलं.

सांगितलं. बोट न लावता, विणायच्या सुईने दाखवून. पॉवर सप्लाय, पंखे, हीटसिंक, त्याखाली प्रोसेसर, फ्लॅश, मापांची जागा, बॅटरी, कार्डांचे कप्पे. कन्सोल पोर्ट. कारकून लिहायचा थांबून बघत होता. साहेब चष्मा पुसत होते.

"आणि ही रॅम," म्हटलं. "हिच्यावरचा नंबर यांच्या वहीतल्या नंबराशी जुळत नाही. यांनी वहीत लिहिली ती दुसरी."

"तोच तर आरोप आहे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "लिहिली एक, बसवली दुसरी. आणि नंतर उघडल्याची खूण नाही. तुमच्या मिस्टरांचा रंग चारही स्क्रूंवर अखंड होता. फोटो आहेत."

चारही.

मी वाटीत बघितलं. चार स्क्रू. चारांवर अर्धा अर्धा लाल ठिपका. राउटरच्या पत्र्यावर चार कोपऱ्यांत उरलेले चार अर्धे.

डोळ्यांसमोर माझं शिलाई मशीन आलं. रेडिओ. मिक्सर. एकदा मी यांना म्हटलं होतं, चारही स्क्रूंवर का नाही लावत, कंजूष कुठले? तर म्हणाले, झाकण काढायला चारही काढावेच लागतात, मग एकावर पुरे. मागचा डावा. बाकी तिघांवर रंग वाया.

"मला यांनी बंद केलेली बाकीची यंत्रं बघायची आहेत," म्हटलं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, त्याचा इथे काय संबंध—"

"बघू द्या," साहेब म्हणाले. आणि पहिले उठले.

शेजारच्या थंड खोलीत कपाटांच्या रांगा. साहेब स्वतः टॉर्च धरून वाकले. पहिलं यंत्र: एक ठिपका, मागचा डावा. दुसरं: एक, मागचा डावा. डॉक्टरबाईही वाकल्या. अकरा यंत्रं. अकरा ठिपके. तिसऱ्यानंतर साहेब आकडा म्हणत होते आणि कारकून लिहीत होता.

परत टेबलाशी आलो. भाऊजी तिथेच उभे होते, स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांत धरून. यांचा रंग नेलपॉलिशचा आहे, ती बाटली माझी आहे, आणि ती कुठल्या खणात असते, हे माझ्याशिवाय या इमारतीत दोनच माणसांना माहीत होतं. एक मेला.

मी आवाज चढवला नाही. विचारलं, "भाऊजी, माझी बाटली कुठे आहे?"

"ती संपली, वहिनी," ते म्हणाले.

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

६ मार्च

आज भाऊजी घरी आले. सासूबाईंनी दार उघडलं आणि तिथेच उभ्या राहिल्या, आत घेईनात. मी म्हटलं, येऊ द्या.

बसले नाहीत. सांगितलं. हे गेल्यावर तीन आठवड्यांनी राउटर पुसायला उघडला. थंडी होती, पट्टा बांधायचा कंटाळा केला. रॅम काढली, परत लावली, मेलेली. नवी मागवायची तर लिहून द्यावं लागतं कशी मेली. भंगारातली बसवली. चालली. ठिपका मारून ठेवला म्हणजे कोणी विचारणार नाही. वाटलं पुढच्या खरेदीत गुपचूप बदलू.

"आणि बंद पडला तेव्हा?"

"घाबरलो. दोन मुली आहेत घरात. वहिनी, मला वाटलं त्याला आता काय फरक पडतो."

मला वाटलं होतं मी ओरडेन. महिनाभर कोणावर तरी ओरडायचं साठवून ठेवलं होतं, साहेबांवर, डॉक्टरबाईंवर. पण विचारलं ते एवढंच.

"मला शिकवत होतात की मला किती कळतं ते बघत होतात?"

"दोन्ही," म्हणाले.

"चूक सगळ्यांकडून होते. यांच्याकडूनही झाल्या असतील. पण तुम्ही माणूस मेला म्हणून त्याची जागा रिकामी समजलात. तुम्हाला टाकायचं ते टाकायला. ती जागा रिकामी नाही, भाऊजी. तिथे मी बसलेय."

त्यांनी खिशातून बाटली काढली, टेबलावर ठेवली. रिकामी, तळाला लाल कड. रडत होते. मी पाणीही विचारलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. उद्या वाटेल कदाचित. आज नाही.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं माझ्या घरची पोळी खाल्ली, आणि चारच स्क्रूंत सापडला." मग त्या आत जाऊन झोपल्या, दुपारी, भिंतीकडे तोंड करून.

१६ मार्च

निकालाची प्रत मिळाली. यांच्यावरचा शेरा काढून टाकला आहे. दोन ओळी. ज्या शेऱ्यासाठी एक पूर्ण पान लागलं होतं, तो काढायला दोन ओळी. भाऊजींची बदली झाली आणि शिक्षा काय ती लिहिली आहे. ते मी दुसऱ्यांदा वाचलं नाही.

साहेबांना विचारलं, "पुस्तक मुद्दाम पाठवलं होतं का?"

त्यांनी चष्मा काढला. मी वाट बघितली नाही, निघाले. दारात पोचले तेव्हा मागून म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, मला त्यातलं काय कळतं."

फोटो परत लावला आहे. वाकडा. कपडाखोलीतली एक बाई म्हणाली, "अगं, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं." मी मशीन चालू केलं.

२२ मार्च, रविवार

घरचा राउटर तीन दिवस बंद आहे. सासूबाईंची फोनवरची मालिका बुडते आहे, त्यामुळे घरात कोणालाच शांतता नाही.

"एवढं समितीला शिकवून आलीस, हे डबडं नाही का जमत?"

उचलून आणलं. उलटं केलं. मागच्या डाव्या स्क्रूवर ठिपका. यांनी बंद केलेलं, गेल्या उन्हाळ्यात. तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही.

स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि थांबले. हा ठिपका तुटला की पुन्हा व्हायचा नाही. रेडिओ चालू आहे, मिक्सर चालू आहे, पण कधीतरी बंद पडणारच, आणि एकेक ठिपका असाच तुटणार. मला भयंकर राग आला. नाडी बांधता बांधता जायचं कोणी? निदान दोन्ही बूट घालून झाले असते.

मग फिरवला. रंगाचा बारीक टवका उडाला.

आत फार काही नाही, मोठ्या राउटरची धाकटी बहीण. वायर जिथे खोचतो तिथला डाग भेगाळला होता. मनगटाला यांचा पट्टा बांधला. यांच्या इस्त्रीने डाग दिला, पहिला वेडावाकडा, दुसरा बरा. कापडावर पहिला टाका असाच येतो. वीज लावली. हिरवा दिवा लागला, मग दुसरा. आतून सासूबाई ओरडल्या, "आली! आली मालिका!"

झाकण लावलं. सकाळी दुकानातून एक बाटली आणली होती, हिरवी. सासूबाई बघायला आल्या.

"हा कसला रंग? लाल का नाही आणलास?"

"लाल यांचा होता. तो मी मारणार नाही. एकाने मारला तेवढं पुरे."

मागच्या डाव्या स्क्रूवर यांचा अर्धा ठिपका तसाच ठेवला. माझा पुढच्या उजव्यावर लावला, फुंकर घालून वाळवला.